मावळतीपासून उलटं मोजा: म्युनिकला शिकताना शरदातले डोंगर आणि सरोवरं

म्युनिकला शिकायला येणारी आपली मुलं साधारण सप्टेंबरअखेर येऊन पोचतात. हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. मधले आणि पुढचे काही आठवडे खोली, पत्त्याची नोंदणी, बँक आणि आरोग्यविमा यातच जातात. डोंगरांचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं: आधी जम बसू दे, उन्हाळ्यात बघू.

मी इथे चार शरद काढले आहेत आणि माझं मत अगदी उलट आहे. बव्हेरियाचे डोंगर आणि सरोवरं बघायची तर याच दिवसांत, ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांची वादळं होतात आणि पायवाटांवर रांगा लागतात. मे महिन्यात उत्तरेकडच्या उतारांवर अजून बर्फ असतो. ऑक्टोबरात मात्र हवा कोरडी आणि स्वच्छ असते. बीच वृक्षांची जंगलं तांबूस होतात, लार्च वृक्षांच्या सुया सोनेरी होऊन गळायला लागतात आणि सरोवराचं पाणी तासन् तास आरशासारखं पडून असतं. जर्मन लोक या दिवसांना 'गोल्डनर ऑक्टोबर' म्हणतात.

या ऋतूची एकच अट आहे: उजेड कमी असतो आणि तो रोज आणखी कमी होतो. बेत आखायला बसाल तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

आधी घड्याळ, मग नकाशा

म्युनिकला 1 ऑक्टोबरला सूर्य सात वाजायला आठ-दहा मिनिटं असताना मावळतो. महिन्याच्या मध्यावर मावळत सहा-पंचवीसच्या आसपास येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्याच संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य जातो. नोव्हेंबरच्या मध्यावर साडेचार वाजले की पाचच मिनिटं उरतात. ऑक्टोबरभर दिवस रोज साधारण साडेतीन मिनिटांनी आखडतो. आपल्याकडे वर्षभर मावळत सहा ते सव्वासातच्या मधे फिरते, त्यामुळे अंगात हा हिशोब मुरलेलाच नसतो. शिवाय दरीत सूर्य कड्याआड जातो तो पंचांगातल्या वेळेच्या बराच आधी.

म्हणून मावळतीपासून उलटं मोजायचं. चालण्याच्या वेळेसाठी जर्मनीत वापरला जाणारा हिशोब सोपा आहे. तासाला 300 मीटर चढ, 500 मीटर उतार किंवा 4 किलोमीटर सपाटी धरायची. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळे काढायचे. त्यातला मोठा पूर्ण घ्यायचा आणि लहान अर्धा करून त्यात मिळवायचा. समजा 600 मीटर चढ आणि 4 किलोमीटर वाट आहे. चढाचे दोन तास, अंतराचा एक तास, त्याचा अर्धा, एकूण अडीच तास. उतरताना हाच हिशोब पावणेदोन तासांपर्यंत येतो.

आता नोव्हेंबरच्या मध्याचा रविवार घ्या. सूर्य 4:35 ला मावळणार. तुम्ही सव्वातीनपर्यंत खाली पक्क्या रस्त्यावर हवेत. म्हणजे माथा दीडला सोडायचा. वर पाऊण तास बसायचं तर पावणेएकला पोचायला हवं, आणि चढायला सव्वादहाला सुरुवात. गाडी आणि बस धरून म्युनिकच्या मुख्य स्टेशनातून साडेआठला निघालात तरच हे जमतं. बरोबरच्या मंडळींपैकी कोणी "दहाला भेटू" म्हणाला तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवा.

पहिल्या वर्षी आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. नोव्हेंबरचा पहिला रविवार होता, आम्ही चौघं योखबेर्गला निघालो. राजगड, हरिश्चंद्रगड केलेले, त्यामुळे 1565 मीटरचा डोंगर म्हणजे काहीच नाही असं वाटत होतं. चढायला लागलो तेव्हा पाऊण वाजून गेला होता. माथ्यावर पोचलो आणि हरखून गेलो. एका बाजूला वाल्खनझेचं निळंहिरवं पाणी, दुसऱ्या बाजूला त्याहून दोनशे मीटर खालच्या पातळीवरचं कोखेलझे आणि त्यापलीकडे पार म्युनिककडे जाणारं सपाट मैदान. उठवेना. साडेतीनला उतरायला लागलो आणि पाचच्या आत जंगलात काळोख झाला. बीचची ओली पानं घोट्याएवढी साचलेली आणि त्यांच्याखाली मुळं. पाय ठेवला की पान सरकतं, पानाखालचं मूळ तेल लावल्यासारखं असतं. एका मैत्रिणीचा पाय तिथेच मुरगळला. थंडीने दोन फोन पंचवीस टक्के बॅटरी दाखवत असतानाच बंद पडले. चौघांत एका फोनचा उजेड, आणि पाऊण तासाच्या राहिलेल्या वाटेला आम्हाला दोन तास लागले. खाली आलो तेव्हा शेवटची बस गेलेली होती. एका अनोळखी बाईंनी गाडीतून स्टेशनपर्यंत सोडलं. तेव्हापासून डोक्याला लावायची टॉर्च माझ्या पाठपिशवीतून बाहेर निघालेली नाही.

जागा अशी निवडा की खाली सरोवर, वर डोंगर

सरोवर आणि डोंगर दोन्ही जिथे लागून आहेत तिथेच जा. वर धुकं बसलं, उशीर झाला, कोणाचा गुडघा बोलायला लागला, तर डोंगर सोडून काठाकाठाने चालता येतं आणि दिवस फुकट जात नाही. (जर्मनमध्ये 'झे' पुल्लिंगी असेल तर सरोवर आणि स्त्रीलिंगी असेल तर समुद्र. नावांच्या शेवटी सगळीकडे येणारा 'झे' तो पहिला.)

पहिल्या रविवारी, अजून बूटही घेतलेले नसताना, अमरझेला जा. एस-8 लोकल हेर्शिंगला संपते. स्टेशनवरून पाच-दहा मिनिटांत काठ येतो. तिथून कीनटाल नावाच्या ओढ्याकाठच्या झाडीतून तासाभरात आंडेक्सच्या मठाला पोचता येतं. टेकडीवर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे आणि हवा स्वच्छ असेल तर आल्प्सची अख्खी रांग दिसते. पावसातही ही वाट चालते, फक्त ओल्या पानांवर जपून.

दुसऱ्या खेपेला टेगर्नझे. गाडी तासाभरात सरोवराच्या गावात आणून सोडते आणि स्टेशनवरूनच नॉयरॉइटची वाट सुरू होते. सरोवर 726 मीटरवर, वरचं खानावळघर साधारण 1,260 मीटरवर. म्हणजे सव्वापाचशे-साडेपाचशे मीटर चढ, रुंद वाट, कुठे हात टेकायची गरज नाही. पाटीवर दीड तासाच्या आसपास लिहिलेलं असतं, पण वरच्या हिशोबाने दोन तास धरा. पाट्यांवरची वेळ लहानपणापासून डोंगर चढणाऱ्या पायांची असते. पायात किती दम आहे हे या वाटेवर कळतं.

तिसरी जागा माझी सगळ्यात आवडती: कोखेल आणि वाल्खनझे. कोखेलपर्यंत गाडी, पुढे बसने केसेलबेर्गची खिंड, तिथून योखबेर्ग. उतरताना त्याच वाटेने न येता झाखनबाखच्या बाजूला उतरलात तर शेवटचा भाग सरोवराच्या काठाने उरफेल्डपर्यंत सपाट जातो. थकलेल्या पायांना तो फार बरा. समोर 1731 मीटरचा हेर्त्सोगश्टांड, त्यावर केबलकार आहे. खाली कोखेलझेच्या काठावर 1924 साली सुरू झालेलं वीजघर जरूर बघा. वाल्खनझेचं पाणी सहा जाड नळांतून दोनशे मीटर खाली सोडून वीज केली जाते. लोणावळ्याचं पाणी खोपोलीला उतरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. या कामामागे ऑस्कर फॉन मिलर होते. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम उभं केलं ते हेच.

क्योनिग्झेला एक पूर्ण दिवस द्या, कारण म्युनिकहून बेर्ख्टेसगाडेनपर्यंत जायलाच अडीच-तीन तास लागतात. सरोवरावर 1909 पासून विजेवर चालणाऱ्या नावा आहेत, इंजिनाचा आवाज नाही. मधेच नाव थांबते, नावाडी कर्णा उचलून चार सूर वाजवतो आणि समोरच्या कड्यावरून ते सूर परत येतात. नाव निघाल्यावरही लोक काही वेळ गप्पच असतात. वाट्समानचा 2713 मीटरचा माथा आणि त्याची पूर्वेची भिंत वर उभी असते. सांक्ट बार्थोलोमेपर्यंत नावा हिवाळ्यातही चालतात, पण पलीकडच्या झालेटपर्यंतची फेरी ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास बंद होते. झालेटच्या पुढचं ओबरझे हे छोटं सरोवर बघायचं असेल तर आधी वेळापत्रक बघा.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हाती असेल तर आणखी एक जागा: ग्रोसर आहोर्नबोडेन. एका उंच दरीच्या तळाशी शेकडो वर्षांचे मेपल वृक्ष गवतात मोकळे उभे आहेत आणि ते सगळे एकदम पिवळे होतात. लेंगग्रीसहून मोसमात तिथे बस जाते. ही दरी ऑस्ट्रियात आहे, तेव्हा पासपोर्ट आणि निवास परवाना दोन्ही जवळ हवेत. शेंगेन आहे म्हणून कोणी विचारणार नाही असं समजू नका, परतताना जर्मन हद्दीवर तपासणी होते. फोनमधला फोटो चालत नाही.

तिकीट आणि गाडीचा योग्य डबा

डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारं महिन्याचं तिकीट, 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 आणि 2026 मध्ये 63 झालं. विद्यार्थ्यांना बव्हेरियात सवलतीचं तिकीट मिळतं, त्याची चौकशी विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात करा. वर सांगितलेल्या सगळ्या ठिकाणांच्या प्रादेशिक गाड्यांना हे तिकीट चालतं, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, थांबवायचं तर महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करावं लागतं. आईबाबा भेटायला आले असतील तर बायर्नटिकेट, म्हणजे बव्हेरियाचं एका दिवसाचं तिकीट, घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत फिरता येतं, शनिवार-रविवारी दिवसभर आणि इतर दिवशी सकाळी नऊनंतर.

नवखा माणूस हमखास चुकतो तो डब्यात. म्युनिकहून निघणारी ओबरलांडची, म्हणजे दक्षिणेच्या डोंगराळ भागाची, गाडी वाटेत तुटते: होल्झकिर्शेनला एक भाग बायरिशत्सेलकडे जातो आणि शाफ्टलाखला उरलेली गाडी टेगर्नझे आणि लेंगग्रीस अशी दुभंगते. फलाटावरचा बोर्ड आणि डब्यावरची पाटी दोन्ही वाचूनच चढा. डोंगराकडच्या बहुतेक गाड्या मुख्य स्टेशनच्या 27 ते 36 या फलाटांवरून सुटतात. मुख्य दालनातून तिथे चालत जायला चांगली पाच-सात मिनिटं लागतात, ती साडेआठच्या हिशोबात धरा. 3 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर या सुट्यांना गाड्या खच्चून भरतात.

आकाश वाचणं

या ऋतूत दोन गोष्टी ओळखता आल्या की अर्धं काम झालं.

पहिली म्हणजे फ्योन. हा दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा वारा. उतरताना तो कोरडा आणि गरम होतो. त्या दिवशी शहरातल्या पुलावरूनही डोंगर हाताला लागतील इतके जवळ दिसतात. किती जणांचं डोकं दुखतं, तेही इथे सगळे सांगतात. दिवस देखणा असतो, पण धारेवर वारा तुफान असू शकतो आणि केबलकार बंद राहू शकते. फ्योन पडला की हवा काही तासांत पालटते. अशा दिवशी काठाकाठाने फिरा किंवा जंगलातली वाट धरा.

दुसरी गोष्ट नोव्हेंबरची. खाली थंड हवा साचून राहते, वर उबदार थर बसतो आणि म्युनिकवर करडं झाकण पडतं ते कधी कधी आठवडाभर हलत नाही. घरच्या आठवणीने जीव कासावीस होतो तो याच दिवसांत. पण हे झाकण बहुतेकदा हजार-बाराशे मीटरलाच संपतं. सकाळी सातला डोंगरावरच्या खानावळींचे आणि केबलकारचे वेबकॅम बघा. वर ऊन दिसलं तर उठा आणि निघा. धुक्यातून चालता चालता आधी झाडांचे शेंडे उजळतात, मग अंगावर ऊन येतं आणि मागे वळलं की खाली पांढरा समुद्र पसरलेला असतो. माझी पहिल्या वर्षाची दोन वाईट आठवड्यांची उदासी नॉयरॉइटच्या बाकावर एका दुपारी उतरली, हे मी मनापासून सांगते.

बर्फाचं म्हणाल तर पंधराशे-दोन हजार मीटरवर तो सप्टेंबरातही पडू शकतो. नोव्हेंबरात सोळाशे मीटरच्या खाली आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या वाटांवरच राहा. उत्तरेकडच्या सावलीत लाकडी फळ्यांवर काचेसारखा पातळ बर्फ असतो आणि तो दिसत नाही, पाय ठेवल्यावरच कळतो.

पाट्यांवरचे शब्द

पिवळ्या पाट्यांवर ठिपके असतात: निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. पहिल्या शरदात काळ्याकडे बघूही नका. वाटेच्या वर्णनात 'ट्रिटझिशरहाइट' आलं तर पाय पक्के पडायला हवेत, 'श्विंडेलफ्राय' आलं तर दरी बघून चक्कर येता कामा नये. 'गेश्पेर्ट' म्हणजे वाट बंद. 'लेट्स्टे टालफार्ट' म्हणजे खाली येणारी शेवटची केबलकार, तिची वेळ चढण्याआधीच फोटो काढून ठेवा. 'रूहेटाग' म्हणजे खानावळीची आठवड्याची सुट्टी. नोव्हेंबरात बहुतेक केबलकार देखभालीसाठी बंद असतात, त्याला 'रेव्हिझिऑन' म्हणतात. पुष्कळ डोंगरघरंही ऑक्टोबर सरता सरता कुलूप लावतात. तेव्हा वर चहा मिळेल या भरवशावर निघू नका.

अंगावर काय, पाठीवर काय

सह्याद्रीतले बूट इथे आणायचा मोह सगळ्यांना होतो. आपल्या कातळावर ते छान पकडतात, पण इथे ओला चुनखडीचा दगड, चिखल आणि पानं आहेत, आणि पाणी आत गेलं तर बोटं बधिर होतात. खोल नक्षीच्या तळाचे, घोटा धरणारे, पाणी न शिरणारे बूट ही एकच गोष्ट नवी घ्या. बाकी सगळं क्लाइनअनत्साइगन या जाहिरातींच्या संकेतस्थळावर जुनं मिळतं. सुती बनियन घालू नका, घामाने ओलं झालं की माथ्यावर गारठवतं. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, मधे फ्लीस, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. टोपी, हातमोजे, टॉर्च आणि पॉवर बँक नेहमी पिशवीत. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, म्हणजे थंडीने दगा देणार नाही. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या.

रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा खाण्याची तयारी शनिवारी संध्याकाळी. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, घरून आलेले डिंकाचे लाडू यासारखं दुसरं काही नाही. थंडीत तेल-तूप अंगी लागतं. दिवाळीचा फराळ बहुतेक याच दिवसांत पोचतो. चकल्यांचा डबा वर न्या, शेजारच्या बाकावरच्यांनाही द्या, गप्पा तिथूनच सुरू होतात. डोंगरघरात शाकाहारी माणसाला केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या शेवयांसारखा प्रकार, बहुतेक मिळतो, पण त्यात अंडं असतं हे लक्षात ठेवा. थोडे रोख युरो जवळ असू द्या, कार्ड सगळीकडे चालत नाही.

अडचण आली तर

आपत्तीचा क्रमांक 112. कुठे आहात, काय झालं, किती जण, हे आधी सांगा. 'एसओएस ईयू आल्प' हे ॲप बव्हेरिया आणि टिरोलमध्ये तुमचं ठिकाण थेट मदतकेंद्राला पाठवतं, ते घालून ठेवा. फोन नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. जर्मन आल्पाइन क्लबचं, म्हणजे डीएव्हीचं, सदस्यत्व तरुणांना कमी दरात मिळतं आणि त्यात डोंगरातल्या बचावखर्चाचा विमा असतो. विद्यार्थ्याच्या नेहमीच्या आरोग्यविम्यात शोधमोहिमेचा खर्च बसतोच असं नाही. पैसे वाचवायच्या नादात हे टाळू नका. म्युनिकच्या शाखा सदस्यांना सामानही भाड्याने देतात.

पाण्याबद्दल हात जोडून सांगते. ऑक्टोबरातलं सरोवर कितीही निळं दिसलं तरी उडी मारू नका. क्योनिग्झे आणि वाल्खनझे दोन्ही दोनशे मीटरच्या जवळपास खोल आहेत, काठ एकाएकी तुटतो, आणि गार पाणी अंगाला लागलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. पट्टीचा पोहणाराही त्या पहिल्या मिनिटात गटांगळी खातो. पाय बुडवा, तेवढं पुरे.

माणसं आणि गुरं

वाटेत समोरून येणाऱ्याला 'ग्रूस गोट' किंवा 'झेर्वुस' म्हणायचं. शहरात कोणी बघत नाही, डोंगरात सगळे बोलतात आणि आपसूक 'दू' वर, म्हणजे अरे-तुरेवर, येतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वरच्या कुरणांतली गुरं खाली आणतात. गायींच्या डोक्यावर फुलांचे आणि रंगीत पट्ट्यांचे मुकुट, गळ्यात मोठ्या घंटा. आपला बैलपोळा आठवल्याशिवाय राहत नाही. त्या उन्हाळ्यात कळपात अपघात झाला असेल किंवा घरात मृत्यू झाला असेल तर गायी सजवत नाहीत, साध्याच उतरतात. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवा. कुरणाचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या.

कोजागरी बहुतेक ऑक्टोबरातच येते. त्या दिवशी चढाई ठेवू नका. संध्याकाळच्या लोकलने श्टार्नबेर्गला जा, थर्मासमध्ये केशर-वेलदोड्याचं आटवलेलं दूध न्या. स्टेशन अगदी सरोवराला लागून आहे, त्यामुळे परतीची काळजी नाही. ढग नसले तर चंद्र पाण्यावर येईपर्यंत बसता येतं, फक्त खाली बसायला जाड काहीतरी घ्या.

घरी आल्यावर बूट हीटरवर ठेवू नका, तळ सुटतो. नाडी सैल करा, आतलं पॅड काढा, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. सोमवारी सकाळपर्यंत बूट कोरडे होतात.